बाबांना चालेल

घराघरांतला संवाद संपला आहे, हे वाक्य हल्ली इतक्या व्यासपीठांवरून ऐकू येतं की त्याला हरकत घ्यावी असं कुणाला वाटतच नाही. समुपदेशक ते म्हणतात, दिवाळी अंकांच्या संपादकीयांत ते असतं, पालकसभेत मुख्याध्यापिका ते सांगतात. कारण म्हणून मोबाइल पुढे केला जातो आणि उपाय म्हणून ‘रात्री जेवताना एकमेकांशी बोला’ असा सल्ला मिळतो. अलीकडे या वाक्याच्या दिमतीला असंगत नाटकही आणून बसवलं जातं. एकांकिका स्पर्धेचे परीक्षक उठतात, बेकेट आणि आयनेस्को यांची नावं घेतात, त्यांत सतीश आळेकरांचं नाव ओवतात आणि सांगतात की भाषा निकामी झाली, माणसं एकमेकांपर्यंत पोचेनाशी झाली, कुटुंब आतून पोकळ झालं, हे या नाटकांनी पन्नास वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. मला हे म्हणणं उथळ वाटतं. त्यामुळे नाटकं खुजी होतात, आणि ज्या घरांची आपण काळजी करतो ती घरंही आपण धड बघत नाही.

मी कुर्ल्यात राहते. हे सांगायचं कारण असं की घरातल्या एकटेपणाविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक तीन खोल्यांच्या घरातून लिहिलं जातं. कुर्ला वसलं ते पाळ्यांवर. चुनाभट्टीकडे स्वदेशी मिल, लालबहादूर शास्त्री मार्गावर प्रीमियर, शिवाय कमानी आणि त्यांच्या आसपासचे लहानमोठे कारखाने. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. एका खोलीत सहा-सात माणसं. रात्रपाळीहून आलेला माणूस ज्या अंथरुणावर आडवा व्हायचा ते पहिल्या पाळीला गेलेल्या भावानं पहाटे सोडलेलं असायचं. या घरांमध्ये नवराबायकोचं अर्धं बोलणं पोरांच्या मार्फत चालायचं. ‘बाबांना सांग, भाकरी झाकून ठेवलीय.’ बाबा तीन फुटांवर बसलेले असायचे आणि त्यांनी ते ऐकलेलंही असायचं. पोरगं तरी पण सांगायचं आणि बाबा ‘हं’ म्हणायचे.

हा प्रसंग रंगमंचावर ठेवला तर आपले परीक्षक लगेच म्हणतील, पाहा, संवाद तुटला. मी म्हणते, काय तुटलं? निरोप पोचला. भाकरी कुठं आहे ते कळलं. आई रागावलेली आहे की नाही, हे ‘सांग’ या शब्दावरच्या जोरावरून कळलं. पगारातले किती उरलेत, गावाहून कुणाचं पत्र आलंय, रात्री खोकला कुणाला येत होता, धाकट्याच्या चपलेचा अंगठा कधी तुटला, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक असायचं. माणसं एकमेकांपर्यंत पोचत नव्हती हे तिथं खोटं आहे. उलट ती इतकी पोचलेली होती की पोचायला अंतरच उरलं नव्हतं. आणि तरीही त्या खोल्यांमधून माणसं भयंकर एकटी होती. कुर्ल्यात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, बाप कसा होता? तो काय खायचा, किती वाजता यायचा, कशावर चिडायचा, हे सगळं भरभरून सांगतील. त्याला काय हवं होतं, असं विचारलंत की थांबतील.

या थांबण्याविषयी मला बोलायचं आहे. संवादहीनतेचा सिद्धान्त त्याच्याजवळसुद्धा जात नाही.

हा सिद्धान्त आला कुठून ते थोडक्यात माहीत असलेलं बरं. असंगत नाटकावरचं मार्टिन एस्लिनचं पुस्तक १९६१ सालचं. बेकेट, आयनेस्को, जने अशा एकमेकांशी फारसं देणंघेणं नसलेल्या नाटककारांना त्यानं ‘असंगत’ या एका नावाखाली आणलं आणि त्यांच्या नाटकांत भाषेचं मोल कसं ढासळतं याकडे बोट दाखवलं. युरोपात दोन महायुद्धं होऊन गेली होती, भाषणं आणि घोषणा यांनी माणसं मारली होती, तेव्हा भाषेवरचा विश्वास उडणं तिथं समजण्यासारखं होतं. आपल्याकडे एस्लिनचा हा एक धागा आला आणि त्याचं सूत्र झालं. मग अच्युत वझे असोत, आळेकर असोत, एलकुंचवारांच्या सुरुवातीच्या एकांकिका असोत, सगळ्यांना हेच सूत्र लावायचं. यापेक्षा वेगळं बोलणारेही आहेत. हे सगळं पॅरिसहून आणलेलं उसनं सामान आहे असं म्हणणाऱ्यांनी आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मधलं कीर्तन कानानं ऐकलेलं नसतं. आणि कुटुंबातला एकटेपणा ही भांडवलशाहीची देणगी आहे असं म्हणणाऱ्यांनी वाड्याच्या माजघरातल्या सोवळ्या आजीचा एकटेपणा कुठल्या गिरणीत तयार झाला ते सांगावं. त्यांच्याशी माझं भांडण मोठं नाही. भांडण आहे ते संवादहीनतेशी, कारण ती दिसायला समंजस आहे आणि तिनं सुचवलेला उपाय घराघरांत पोचतो आहे.

या मताचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून आयनेस्कोचं ‘बाल्ड सोप्रानो’ पुढं केलं जातं. १९५० सालचं नाटक. इंग्रजी शिकण्याच्या पुस्तकातली वाक्यं वाचता वाचता ते त्याला सुचलं, हे सर्वश्रुत आहे. त्यात मार्टिन पतिपत्नी पाहुणे म्हणून येतात आणि अनोळखी माणसांसारखं एकमेकांशी बोलू लागतात. आपण एकाच गाडीनं आलो, एकाच रस्त्यावर राहतो, एकाच घरात, एकाच पलंगावर झोपतो, असा शोध लावत लावत ते नवराबायको असल्याच्या निष्कर्षाला येतात. लगेच मोलकरीण प्रेक्षकांना सांगते की त्यांच्या मुलींच्या डोळ्यांचे रंग जुळत नाहीत, त्यामुळे निष्कर्ष चुकला आहे. यात संवाद हरवला आहे, असं आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो.

हा प्रवेश पुन्हा वाचून पाहा. मार्टिन दांपत्य एकमेकांना विचारतं. सभ्यपणे, आश्चर्यानं, खऱ्या कुतूहलानं विचारतं. समोरच्या माणसाचं उत्तर आपल्याला माहीत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. माहिती शून्य आणि प्रश्न अफाट, अशी त्यांची अवस्था. हे भयानक आहे, विनोदी आहे, सगळं आहे. पण ते आपलं घर नाही. आपल्या घरात माहिती अफाट आणि प्रश्न शून्य. कुर्ल्यातल्या नेहरूनगरच्या जुन्या खोलीतली बाई नवऱ्याला कधी ‘तुम्ही कुठं राहता’ असं विचारणार नाही, आणि ‘तुम्हाला इथं राहायचं आहे का’ असंही विचारणार नाही. पहिला प्रश्न वेडेपणाचा आहे. दुसरा वेडेपणाचा नाही, तरी तोही तितकाच अशक्य आहे. या दोन अशक्यतांना एकच नाव देणारी समीक्षा मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, आपल्या घरांत प्रश्न काय कमी विचारतात? जेवलास का, कुठं चाललास, कधी येशील, फोन का उचलला नाहीस. खरं आहे. हे प्रश्न पोकळ आहेत असंही मी म्हणणार नाही. ‘जेवलास का’मध्ये जेवढी माया मावते तेवढी मोठमोठ्या कबुल्यांत मावत नाही. पण या प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतात, किंवा कुठली दोन-तीन उत्तरं येऊ शकतात ते ठाऊक असतं. पिंटरच्या १९५८ सालच्या ‘बर्थडे पार्टी’ची सुरुवात अशीच आहे. बायको नवऱ्याला न्याहारी वाढते आणि चांगली आहे का ते विचारते. काय उत्तर येणार ते तिला ठाऊक आहे, आपल्यालाही. तिथं बोलणं भरपूर आहे, नीट पोचतंही आहे. समोरचा माणूस आपल्याला चकित करू शकेल ही शक्यता मात्र कुणी धरलेलीच नाही. तेव्हा बोलणं आणि न बोलणं हा भेद मला घराच्या बाबतीत निरुपयोगी वाटतो. उत्तर माहीत असलेला प्रश्न आणि उत्तर माहीत नसलेला प्रश्न, हा भेद कामाचा आहे. कुटुंबातला एकटेपणा दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाच्या अभावातून येतो. माझा सगळा आग्रह एवढाच आहे, आणि तो थोडा एकांगी वाटला तरी चालेल.

बोलण्यानं एकटेपणा जातो, हे तर नाटकांनीच खोडून काढलं आहे. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९७० साली रंगमंचावर आलं. ते असंगत नाटक नव्हे, पण कुटुंबाचं नाटक आहे. त्या घरात कुणी मनात काही ठेवत नाही. जे वाटतं ते शिवीसकट बाहेर येतं. एकमेकांशी मोकळं बोला, असं सांगणाऱ्या समुपदेशकानं त्या दिवाणखान्यात एकदा बसून दाखवावं. बेकेटच्या ‘एन्डगेम’मध्ये (१९५७) म्हातारे आईबाप कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले आहेत आणि मुलगा बापाला गोष्ट ऐकायला लावतो, तीही गोड गोळीचं आमिष दाखवून. भाषा तिथं शाबूत आहे, गोष्ट रचलेली आहे, ऐकणारा हजर आहे. आई जवळजवळ कुणाच्या लक्षात न येता मरून जाते. तिला शेवटचं कुणी काय विचारलं, हे शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीचंच घ्या. सगळी माणसं सगळा दिवस एका खोलीत होती, बाहेर जायची सोय नव्हती, आता घरं पुन्हा बोलू लागतील असं पुष्कळांनी लिहिलं. आमच्याकडे जिन्याच्या पायऱ्या भरल्या. एकेका मजल्यावर एकेक पुरुष तोंडाला रुमाल बांधून नुसता बसलेला असायचा. बायकांना तेवढीही जागा नव्हती; त्या कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गॅलरीत रेंगाळायच्या. बोलायला वेळ होता आणि माणसंही होती. उपायाची इतकी सक्तीची परीक्षा पुन्हा होणार नाही, आणि तिचा निकाल आपण कधी वाचला नाही.

आता ‘महानिर्वाण’कडे येते, कारण माझं म्हणणं त्यावरच उभं आहे. १९७४ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं ते केलं. चाळीतले भाऊराव मेले आहेत. नाटक सुरू होतं आणि भाऊरावच उठून कीर्तनाच्या ढंगात आपल्या मरणाचं आख्यान लावतात. चंद्रकांत काळे यांचे भाऊराव आणि आनंद मोडक यांचं संगीत यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तसंच मरणसंस्कारांच्या विडंबनाविषयीही. विडंबन आहेच. पण मेल्यावर भाऊराव कीर्तन का करतात? माझ्या मते उत्तर सरळ आहे. ऐकणारे ऐकायला म्हणूनच जमले आहेत, असं आपल्याकडे ज्या मोजक्या प्रकारांत घडतं त्यांत कीर्तन हा एक. चाळीतल्या एका खोलीत जन्म काढलेल्या माणसाला असा श्रोता घरात कधी मिळालेला नसणार. जिवंतपणी तो नवरा होता, बाप होता, शेजारी होता. तो काय बोलणार ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि मग तो एक हट्ट धरतो. मला जुन्याच स्मशानात जाळा. ते स्मशान आता बंद होतं आहे, नवी सोय झाली आहे, व्यवहार सगळा नव्या जागी गेला आहे. प्रेत घरात अडकून पडतं आणि मुलगा नाना हैराण होतो. या हट्टाचा अर्थ लावताना परंपरा विरुद्ध आधुनिकता अशी मांडणी नेहमी केली जाते, आणि तिच्यात चूक काही नाही. मला मात्र त्या हट्टात दुसरंच काही दिसतं. आपल्या बापाला काय हवं आहे हे नानाला माहीत नव्हतं, असं इथं पहिल्यांदा घडतं. त्याला ते कळून घ्यावं लागतं, त्यावर वाद घालावा लागतो, त्यासाठी खटपट करावी लागते. बाप जिवंत असताना हे झालं नाही, कारण गरज नव्हती; त्याची इच्छा घराच्या सवयीत विरघळलेली होती. प्रेत कुजू लागतं तेव्हा मात्र ती सगळ्यांच्या नाकाशी येते, टाळता येत नाही. हे दृश्य आळेकरांनी हसवत हसवत दाखवलं म्हणून आपण त्यातली वेदना हलकी मानली. बाप आणि मुलगा यांच्यातलं इतकं लांब, इतकं जिवंत बोलणं मराठी नाटकात फार थोड्या ठिकाणी असेल, आणि ते एका प्रेताशी चाललं आहे. इथं संवाद कुठं हरवला? इथं तर तो सुरू झाला.

आळेकरांचंच ‘बेगम बर्वे’ (१९७९) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. संगीत नाटकात कधीकाळी किरकोळ स्त्रीभूमिका करणारे बर्वे आता श्यामरावाच्या मुठीत आहेत, उदबत्त्या विकतात. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून तितकेच एकटे. या तिघांच्या स्वप्नांची सरमिसळ होऊन एक घर उभं राहतं. बर्वे त्यात जावडेकराच्या मनातली नलावडेबाई होतात, लग्न होतं, दिवसही जातात. सगळं नाट्यपदांच्या आधारानं. हे घर नकली आहे, आणि नकली असल्यामुळेच त्यात काही गृहीत धरता येत नाही. पुढचं पाऊल टाकायचं तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. त्याला हा खेळ इथून पुढं न्यायचा आहे ना, याची खात्री करून घ्यावी लागते. खऱ्या घरात कुणी इतकी वाट बघत नाही. आपल्याकडे बाईला काय हवं हे घर रीतसर विचारतं ते बहुधा एकदाच, तिला डोहाळे लागल्यावर. कधीच आई होऊ न शकणाऱ्या एका पुरुषाच्या गरोदरपणापर्यंत नाटक का जातं, याचा विचार मी या बाजूनं करते. शेवटी श्यामराव येतो आणि तो डोलारा मोडतो. मोडलं ते घर खोटं होतं, हे माझ्या लेखी फारसं महत्त्वाचं नाही.

एलकुंचवारांच्या ‘प्रतिबिंब’ला मी इथं बाजूला ठेवते. आरशात दिसेनासा झालेला त्यातला माणूस परक्या घरात भाड्यानं राहतो; कुटुंब तिथं नाहीच, आणि कुटुंब नसलेल्या माणसाचा एकटेपणा ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींची गल्लत करण्यात संवादहीनतावाले पटाईत आहेत.

आता कुर्ल्यात पुनर्विकास चालू आहे. जुन्या वसाहती पाडून टॉवर उभे राहतात, एका खोलीची दोन-तीन दालनं होतात, आणि लगेच नवा शोक सुरू होतो की मोठ्या घरांनी माणसं तोडली, पूर्वी कसं सगळे एकत्र होतो. एका सोसायटीच्या सभेला मी बसले होते. वास्तुरचनाकारानं टेबलावर नकाशा पसरला होता आणि एकेका सभासदाला बोलावून त्याच्या घराचा आराखडा दाखवत होता. एक निवृत्त कामगार पुढं आले. जन्म प्रेसशॉपमध्ये गेला होता. उजव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. वास्तुरचनाकार तरुण होता, सभ्य होता. त्यानं त्यांच्याकडे बघून विचारलं, ‘काका, स्वयंपाकघर या बाजूला घेतलं तर चालेल ना, की तुमचं काही वेगळं आहे?’ प्रश्न पुरा व्हायच्या आत मागून मुलगा म्हणाला, ‘बाबांना चालेल.’ आवाजात जराही गुर्मी नव्हती. प्रेमानंच म्हणाला; बापाला उभं राहून त्रास होऊ नये म्हणून खुर्चीही त्यानंच आणली होती. बायको बाजूला होती, तिनंही मान हलवली. काकांनी ते अर्धं बोट नकाशावर कुठंतरी टेकवलं होतं. वास्तुरचनाकारानं नोंद केली आणि पुढचं नाव पुकारलं.

या मुलाला आपण काय सांगणार? बापाशी बोल? तो रोज बोलतो. मोबाइल बाजूला ठेव? तो त्याच्या हातात नव्हताच. बापाला समजून घे? तो समजूनच बोलला, आणि बहुधा बरोबर बोलला असेल; काकांना खरंच चाललं असेल. तो बरोबर असण्यानंच गोष्ट बिकट होते. तो चुकला असता तर बाप ओरडला असता, भांडण झालं असतं, आणि त्या भांडणातून निदान एक अपरिचित माणूस घरात डोकावला असता. जिथं सगळे बरोबर ओळखतात तिथं माणसाला स्वतःच्या वतीनं बोलायचं निमित्तच मिळत नाही. भाऊरावांना ते मिळायला मरावं लागलं.

उत्तर माहीत असलेला आणि माहीत नसलेला प्रश्न हा भेद धरून ‘महानिर्वाण’ पुन्हा पाहिलं की आणखी एक गोष्ट टोचू लागते, आणि ती नाटकाच्या बाजूची नाही. भाऊरावांची बायको रमा. नवरा मेल्यानंतर शोकाला आलेल्यांतल्या काळा गॉगल लावलेल्या एका माणसात तिचं मन गुंततं. प्रेक्षक हसतात; प्रयोगांत तो भाग बहुतेक वेळा हशासाठीच वाजवला जातो. ती जे बोलते ते विलापाच्या आड बोलते, आणि नाटकातलं कुणी तिला थांबवून विचारत नाही की बाई, पुढचं आयुष्य कसं काढायचं म्हणतेस. नाना बापाच्या इच्छेसाठी स्मशान गाठतो. आईच्या इच्छेसाठी त्याच्याकडे आधीच उत्तर तयार आहे. बापाचं प्रेत खोली अडवून बसलं म्हणून त्याला विचारणं भाग पडलं. आई जिवंत आहे, चूल पेटवते आहे, कुणाची वाट अडवत नाही. रमेचं हे दुसऱ्या प्रकारचं मरण आळेकरांनी जाणून लिहिलं की नाही यात मला फारसा रस नाही. पण यापुढं कुणी ‘महानिर्वाण’ बसवणार असेल तर तिच्या वाक्यांवरचा हशा त्यानं थोडा आवरून पाहावा, आणि तिचं बोलणं कीर्तनाइतकंच सलग ऐकू येऊ द्यावं.